रिलेतल्या मित्राचं नाव घ्यायचं का?

ताई,
मी २० वर्षांचा आहे. कळव्याला राहतो, ठाण्यातल्या एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. ४०० मीटर धावतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेत आमच्या रिले संघाला पदक मिळालं आणि त्याच दिवशी माझं सॅम्पल घेतलं. त्यात स्टॅनोझोलॉल हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. नाडाने, म्हणजे देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, निलंबित केलंय, गेल्या आठवड्यात आरोपाची नोटीसही आली. बाकी तिघांचं सॅम्पल घेतलं नव्हतं.
रिलेतले आम्ही तिघं एकाच खासगी कोचकडे जातो. चौथा दुसऱ्या कॉलेजचा, त्याचा यात काही संबंध नाही. सर जिमच्या मागच्या स्टोअरमध्ये, प्रोटीनच्या डब्यांच्या खोक्यावर बसवून इंजेक्शन द्यायचे. पहिल्यांदा म्हणाले, रिकव्हरीसाठी व्हिटॅमिन आहे. दुसऱ्या वेळी मी अँप्यूलवरचं नाव मोबाईलवर शोधलं. तरी घेतलं. दिव्याला राहणारा माझा मित्रही घेतो. तिसरा ज्युनियर आहे, अजून १८ पूर्ण नाही.
सर म्हणतात, मित्राने तुझ्या बाटलीत मिसळलं असं लिहून दे. तो आता ट्रॅक सोडून पोलीस भरतीचं बघतोय, त्याला काय फरक पडतो? वकील म्हणतात, सगळं खरं सांग, बंदी कमी होऊ शकते. पण खोटं बोललो तर एकच जातो. खरं बोललो तर सर, मित्र, ज्युनियर तिघेही जातात. फायनलला माझ्या पायात स्पाइक्स त्या मित्राचे होते, माझ्या जोडीचा सोल निघाला होता. आई वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला जाते. तिला मी सांगितलंय की पाय दुखावलाय. मला फितूर व्हायचं नाही. काय करू?
(नाव छापू नये)

मित्रा,

दिव्याच्या मित्राने बाटलीत काही मिसळलं असं तू लिहून द्यायचं नाहीस. सरांनी कितीही गळ घातली तरी नाही, आणि उद्या दुसऱ्या कुणी तेच जरा बऱ्या शब्दांत सुचवलं तरी नाही. तुझ्या पत्रातल्या बाकी गोष्टींवर दोन्ही बाजूंनी बोलता येईल आणि आपण बोलूही. या एका गोष्टीला मात्र दुसरी बाजू नाही.

तुझा हिशोब मी पुन्हा पुन्हा वाचला. खोट्यात एक जातो, खऱ्यात तिघं, म्हणजे खोटं स्वस्त. हा हिशोब तुझा नाही रे, सरांनी मांडून दिलेला आहे, आणि त्यांनी त्यात बरंच काही धरलेलंच नाही. खरं सांगितल्यावर सरांचं, मित्राचं, तुझं जे काही होईल ते तुम्ही ज्याने त्याने केलेल्या गोष्टीचं फळ असेल. खोटं सांगितल्यावर मित्राच्या वाट्याला येईल ते मात्र त्याने न केलेल्या गोष्टीचं, आणि ते देणारा तू असशील. या दोन्हींची बेरीज एका रकान्यात होत नाही. शिवाय ‘त्याला काय फरक पडतो’ हेही धादांत चूक आहे. दुसऱ्याच्या नकळत त्याला बंदी असलेलं औषध देणं हा नियमांनुसार स्वतंत्र आणि फार गंभीर गुन्हा आहे. तू तसा आरोप केलास की प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी होते हे तुलाही ठाऊक आहे. ज्या नोकरीच्या भरवशावर तो ट्रॅक सोडतोय, तीच तू त्याच्या हातून काढून घेशील.

आता सर हा मार्ग का सुचवतायत तेही बघ. तुझी बंदी कमी व्हावी म्हणून नाही. सध्याच्या, म्हणजे २०२१ च्या जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत, कोचने खेळाडूला बंदी असलेलं औषध टोचलं तर किमान ४ वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंतची शिक्षा आहे. तो खेळाडू ‘संरक्षित’ गटातला असेल आणि औषध स्टॅनोझोलॉलसारखं स्टेरॉइड असेल, तर कोचला थेट आजन्म बंदी. १८ पूर्ण न झालेला, आंतरराष्ट्रीय पातळीवर न खेळलेला तुमचा ज्युनियर बहुतेक याच गटात बसतो. तेव्हा तू बाटलीची गोष्ट लिहून दिलीस तर स्टोअरमधल्या त्या खोक्यापर्यंत कुणी पोचणारच नाही, म्हणून सरांना ती गोष्ट हवी आहे. करून सवरून नामानिराळं राहायचं, आणि त्यासाठी एका पोराकडून दुसऱ्या पोराचा बळी द्यायचा. तुमच्याच खेळातल्या, तुमच्या वयाच्या मुलांना जो माणूस एकमेकांविरुद्ध उभं करतो त्याला तू अजून ‘सर’ लिहितोस, याचं मला वाईट वाटलं. पण सवय आहे, समजू शकते.

आणि ही गोष्ट टिकणारही नाही. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर कुस्तीगीर नरसिंग यादव याच्या नमुन्यात मेथँडिनोन हे स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं असं त्याचं म्हणणं होतं. पोलिसांत तक्रार झाली, एका तरुण कुस्तीगिराकडे बोट दाखवलं गेलं. नाडाच्या समितीने १ ऑगस्टला नरसिंगला मोकळं केलं. त्यावर जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडा आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली आणि १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने त्याला ४ वर्षांची बंदी घातली. कट झाल्याचा ठोस पुरावा समोर आलेला नाही, असं लवादाचं म्हणणं होतं. त्याच्या पाठीशी तेव्हा कुस्ती महासंघ उभा होता, देशभर सहानुभूती होती. तरीही ते टिकलं नाही. तुझ्याकडे काय आहे? सरांनी शिकवलेली चार वाक्यं. औषध अंगात कसं आलं हे सिद्ध करायची जबाबदारी खेळाडूवर असते. खोटी जबानी उघडी पडली तर ‘छेडछाडी’चा, म्हणजे चौकशीत ढवळाढवळ केल्याचा, दुसरा आरोप लागतो आणि त्याची शिक्षा वेगळी. ४ वर्षांतून सुटायला जाशील आणि त्याहून जास्त पदरात पडेल.

पण खोटं टिकणार नाही म्हणून बोलू नकोस, असं मी म्हणत नाहीये. ते टिकणार असतं, शंभर टक्के पचणार असतं, तरी माझं उत्तर हेच राहिलं असतं.

आता खरं सांगायचं, तर ती फितुरी होते का? हा प्रश्न अवघड आहे आणि तुला तो अवघड वाटतोय याचं मला समाधान आहे.

जिवाभावाच्या माणसाची गोष्ट बाहेर न सांगणं याला आपल्याकडे किंमत आहे, आणि असावी. फक्त तुम्ही दोघांनी, जाणून, स्वतःपुरतं काही केलं असतं आणि तुला कुणी विचारलं नसतं, तर ‘जा आणि मित्राचं नाव सांग’ असं मी म्हटलं नसतं. इथे गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही, कारण त्या स्टोअरमध्ये उद्याही कुणीतरी खोक्यावर बसणार आहे. तुमचा ज्युनियर तर नक्कीच. येऊरच्या चढावर तुम्ही ज्याला दम लागला की ढकलत नेत असाल, त्याला इंजेक्शनमध्ये काय आहे हे तरी माहीत आहे का? तू दुसऱ्या वेळी मोबाईलवर नाव शोधलंस. त्याने शोधलंय का? तू गप्प राहिलास तर त्याला वाचवलंस असं तुला वाटेल, पण प्रत्यक्षात त्याला सरांच्या ताब्यात ठेवून तू बाजूला झालेला असशील. त्याचं नाव चौकशीत आलं तर त्याला त्रास होईल, मी तो लपवत नाही. पण त्या वयाच्या मुलांकडे नियम जास्त मवाळपणे बघतात. त्याची चूक मोठी नव्हती हे पटलं तर नुसती ताकीद देऊन सोडण्यापर्यंत मुभा आहे. दोन वर्षांनी तो तुझ्या जागी उभा राहिला तर ही मुभा नसेल.

तुझ्या मनात आणखी एक गोष्ट आहे असं मला वाटतं, जरी तू ती लिहिली नाहीस. खरं सांगायचं, पण ते आपली शिक्षा कमी व्हावी म्हणून, हे घाणेरडं नाही का? थोडं आहे. २०१२ मध्ये सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं उत्तेजकांचं प्रकरण उघड झालं ते त्याच्याच ११ जुन्या सहकाऱ्यांच्या साक्षींमुळे. त्यातल्या तेव्हाही सायकल शर्यतीत असलेल्या काही जणांना अवघी ६ महिन्यांची बंदी झाली आणि आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्स शर्यतीची सातही विजेतेपदं गेली. त्या सहकाऱ्यांवर आजही दोन्ही बाजूंनी बोललं जातं. माझं मत सांगते. त्यांनी सवलत घेतली यात मला गैर वाटत नाही, कारण त्यांनी आधी स्वतः काय घेतलं, किती वर्षं घेतलं हे सांगितलं आणि मग दुसऱ्याचं. गैर वाटतं ते इतकी वर्षं गप्प राहिले याचं.

म्हणून तुझ्या जबाबाचं पहिलं पान तुझं स्वतःचं असायला हवं. ‘मला फसवलं, मला माहीत नव्हतं’ हे पहिल्या इंजेक्शनपुरतं खरं आहे. दुसऱ्यापासून ते खरं नाही, तसं तूच मला लिहिलंयस. ते वाक्य तिथेही तसंच लिही: नाव शोधलं, कळलं, तरी घेतलं. हे लिहिताना हात अडखळेल. पण हे लिहिल्याशिवाय तू दुसऱ्या कुणाबद्दल काहीही लिहिलंस तर ती नुसती चुगली होईल.

नियमही तेच मागतो. ‘भरीव सहकार्य’ केल्याबद्दल बंदीचा तीन चतुर्थांशपर्यंत भाग स्थगित होऊ शकतो. मात्र त्यासाठी तुला माहीत असलेलं सगळं, सहीनिशी किंवा ध्वनिमुद्रित जबाबात, सांगावं लागतं आणि गरज पडली तर सुनावणीत साक्षही द्यावी लागते. सरांचं सांगतो, मित्राचं वगळतो, असं त्यात बसत नाही. शिवाय माहिती भरवशाची आणि उपयोगाची ठरली तरच सवलत, आणि पुढे सहकार्य थांबवलंस तर स्थगित केलेली बंदी पुन्हा लागू होते. बोलणं सुरू करण्याआधी तुझ्या वकिलांना लेखी करार मागायला सांग. पुढची बोलणी फिसकटली तर त्यात तू सांगितलेलं तुझ्याविरुद्ध वापरता येत नाही. हा हक्क संहितेतच आहे.

मित्राचं नाव घेणं तुला अजिबात जमणारच नसेल, तर एक सरळ वाट आहे आणि ती मला कमी प्रतीची वाटत नाही. आरोपाची नोटीस मिळाल्यापासून २० दिवसांच्या आत आपला गुन्हा कबूल करून शिक्षा मान्य केली तर ४ वर्षांतलं १ वर्ष कमी होतं. त्यासाठी कुणाचंही नाव घ्यावं लागत नाही. तीन वर्षं घ्यायची, निलंबनाचे दिवस त्यातून वजा होतील, आणि सवलत मागायची नाही. मित्रासाठी गप्प राहायचं असेल तर त्याची किंमत स्वतः मोजायची, हे न्याय्य आहे. पण एवढं करूनही सरांबद्दल गप्प बसण्याची मोकळीक तुला मिळत नाही. वाडाचं ‘स्पीक अप’ नावाचं ठिकाण आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं. आणि सरांची चौकशी लागली की ती फिरत फिरत मित्रापर्यंत येणारच. म्हणून मला विचारशील तर ही वाट दिसते तेवढी मित्राच्या फायद्याची नाही. मी पहिलीच निवडीन, पण तिच्यात एक टप्पा आधी घालून.

तो टप्पा म्हणजे तुझ्या जबाबाआधी मित्राला तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. फोनवर नाही आणि व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नाही. दिव्याला जा, त्याला घराबाहेर बोलाव आणि सांग की मी सगळं सांगणार आहे, त्यात तू येतोस. हे माणुसकीचं आहे म्हणून सांगतेच आहे, पण यात त्याचा मोठा फायदाही आहे. एखाद्या खेळाडूने कुणी विचारायच्या आत, स्वतःहून कबुली दिली आणि त्या वेळी तीच कबुली हा एकमेव भरवशाचा पुरावा असेल, तर त्याची बंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते. तुझा जबाब आधी गेला की पुरावा तुझा झाला आणि त्याची ही संधी हुकली. म्हणजे त्याच्यासाठी तू करू शकतोस अशी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याला तुझ्याआधी जाऊ देणं. तुझी मुदत चालू आहे हे विसरू नकोस. त्याला तीन-चार दिवस दे, महिना देऊ नकोस.

तिथे गेल्यावर दोन गोष्टी सांभाळ. तुम्ही दोघांनी मिळून ‘असं सांगू, तसं सांगू’ ठरवायचं नाही. त्याने काय बोलायचं ते त्याचं तो ठरवेल, आणि त्याला स्वतःचा वकील बघायला सांग. आणि जाण्यापूर्वी तुझ्या वकिलाच्या कानावर घाल, म्हणजे पुढे कुणी याला साक्षीदार फोडण्याचं रूप देणार नाही. तो चिडेल. शिव्या देईल, कदाचित तडक सरांकडे जाईल. हा धोका आहे, पण तो पत्करण्यासारखा आहे. त्याच्या पाठीमागे त्याच्याबद्दल लिहून देणं आणि त्याच्या डोळ्यात बघून सांगून मग लिहिणं, यात मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. फितूर हा शब्द तुला टोचतोय ना? तो पहिल्या माणसाला लागतो. स्पाइक्सही परत नेऊन दे. तुझ्याकडेच असतील तर.

बोलणाऱ्या खेळाडूला धमकावणं किंवा त्याचा सूड घेणं हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे. सरांचा फोन आला तर वाद घालू नकोस, मेसेज पुसू नकोस, सगळं वकिलाला दे.

तुझ्या पत्रात एका माणसाच्या वाट्याला एकच ओळ आली आहे. तो चौथा. त्याने काही घेतलं नाही, त्याला काही माहीत नव्हतं, आणि तुमच्यामुळे त्याचंही पदक जाणार, कारण रिलेत एक जण दोषी ठरला की संघाचा निकाल रद्द होतो. राज्यात खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. तोही ते प्रमाणपत्र धरून काही ठरवून बसला असेल. तू सरांना, मित्राला, ज्युनियरला दगा देण्याच्या विचाराने रात्र-रात्र जागतोयस, आणि ज्याला खरोखर दगा देऊन झालाय तो तुझ्या हिशोबात कुठेच नाही. याला सवलत नाही, कलम नाही. जाऊन त्याची माफी माग. त्याने दार लावून घेतलं तर लावू दे. आपल्या पदकाचं काय झालं हे त्याला विद्यापीठाच्या पत्रातून कळण्याआधी तुझ्याकडून कळू दे.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, पण मला झोप लागणार नाही म्हणून लिहिते. स्टोअरमध्ये दिलेली इंजेक्शनं, एक अँप्यूल, तीन मुलं. सुया नव्या होत्या का? खात्री नसेल तर कावीळ ब आणि क, एचआयव्ही आणि यकृताच्या चाचण्या करून घे, आणि मित्रालाही हे त्याच भेटीत सांग. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुझ्या घरापासून लांब नाही. सरकारी आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि निकाल गुप्त राहतो. डॉक्टरांना काय घेतलं ते स्पष्ट सांग. ते नाडाला कळवायला बसलेले नाहीत.

आईचं शेवटी ठेवलं, कारण ते तुला सगळ्यात जड जाईल असं वाटतं. पाय दुखावलाय हे किती दिवस चालेल? ती कामावरून दमून येऊन तुझ्या पायाला तेल लावत असेल. तिला आधी सांग, मित्राकडे जाण्याच्याही आधी. बंदी हा शब्द ऐकून ती घाबरेल, तेव्हा तिला नीट समजाव की ही बंदी खेळण्यावर आहे, शिकण्यावर नाही. तिसरं वर्ष देता येतं, पदवी घेता येते. बंदीच्या शेवटच्या टप्प्यात, शेवटचे दोन महिने किंवा शेवटचा पाव भाग यातलं जे कमी असेल तेवढे दिवस, संघासोबत सरावालाही परतता येतं. तुझी शिक्षा कमी झाली तर तू चोविशीच्या आत ट्रॅकवर असशील. ४०० मीटर धावणाऱ्याचं ते वय काही उताराचं नसतं.

मला पुन्हा लिहायचं असेल तर लिही. मात्र आधी नोटिशीवरची तारीख बघ, २० दिवसांतले किती उरलेत ते मोज आणि उद्या सकाळी वकिलांना फोन कर.

तुझी,
ताई